सरकणारे जीवाणू आणि त्यांचा समाज

बंगळुरूस एप्रिल-मेच्या सुमारास वळवाची पहिली सर येऊन गेली म्हणजे तेथील तांबड्या मातीचा ओळखीचा वास सर्वत्र दरवळू लागतो. हा वास मातीतील सूक्ष्मजीवांची देणगी होय. जिओस्मिन नावाचा पदार्थ हे जीव निर्माण करतात आणि पावसाचे थेंब जमिनीवर आपटले की तो हवेत मिसळतो. या वासाचे श्रेय मुख्यत्वे स्ट्रेप्टोमायसीस या जीवाणूंना दिले जाते व ते योग्यच आहे. परंतु जिओस्मिन तयार करणारे आणखीही काही जीवाणू मातीत असतात. त्यांपैकी एका गटाची जीवनपद्धती इतकी आगळी आहे की, जीवशास्त्रज्ञांप्रमाणेच पदार्थवैज्ञानिकांचेही लक्ष तिने वेधून घेतले आहे.

या जीवाणूंना पाय नाहीत, आणि पाण्यात पोहणाऱ्या अनेक जीवाणूंना असतात तशा चाबकासारख्या कशाभिकाही नाहीत. तरीसुद्धा ते मातीच्या कणांवरून, कुजक्या पानांवरून व लाकडावरून सरकत जातात. ते सहसा एकटे सरकत नाहीत. हजारो-लाखो पेशी एकमेकींस बिलगून पसरतात, वाटेत भेटणाऱ्या इतर जीवाणूंचा फडशा पाडतात, आणि अन्न संपले म्हणजे एकत्र येऊन एक सूक्ष्म मनोरा उभारतात. त्या मनोऱ्यातील पेशींपैकी थोड्याच पुढच्या सुकाळापर्यंत जिवंत राहतात. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, पुढारी नाही. मग ही हालचाल कोण घडवते? आणि बहुसंख्य पेशींच्या वाट्याला मरण येत असता हा समाज टिकतो तरी कसा? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात बंगळुरूच्या संशोधकांचाही वाटा आहे.

नाव आणि ओळख

या गटास श्लेष्मजीवाणू असे म्हणता येईल, कारण सरकताना ते आपल्यामागे बुळबुळीत श्लेष्म्याचा माग सोडतात. त्यांच्या मनोऱ्यांना फलपिंड म्हणू. पिवळ्या, नारिंगी वा तपकिरी रंगाची ही फलपिंडे डोळ्यांना टाचणीच्या अग्रापेक्षाही लहान ठिपक्यांसारखी दिसतात. पूर्वीच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ती पाहिली होती. पण त्यांना ती बुरशीच वाटली. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ रोलंड थॅक्स्टर यांनी १८९२ मध्ये दाखवून दिले की, ही फलपिंडे बुरशीच्या तंतूंची नसून दंडाकृती जीवाणूंची बनलेली आहेत. एकेकटी, साधी पेशी म्हणून ओळखला जाणारा जीवाणू असे वास्तुशिल्प उभारतो, ही गोष्ट त्या काळी पचनी पडणे सोपे नव्हते.

भारतीय शास्त्रज्ञांचा या विषयाशी संबंध जुना आहे. बी. एन. सिंह यांनी इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात माती व कंपोस्ट खत यांतील श्लेष्मजीवाणूंचा अभ्यास करून १९४७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे जीवाणू मातीत सर्रास आढळतात आणि इतर जीवाणूंना विरघळवून त्यांवर जगतात, हे त्यांनी दाखवले. पुढे सिंह यांनी लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत काम केले.

आज जगभरच्या प्रयोगशाळांत या गटाचा प्रतिनिधी म्हणून मिक्सोकॉकस झँथस हा जीवाणू वापरला जातो. त्याची पेशी साधारणतः ५ ते ७ मायक्रॉन लांब व अर्धा मायक्रॉन रुंद असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तेव्हा अशा १५० ते २०० पेशी टोकास टोक लावून ठेवल्या तर एक मिलिमीटर अंतर भरेल.

पोहणे आणि सरकणे

आतड्यात राहणारा एश्चेरिकिया कोलाय हा जीवाणू कशाभिका फिरवून पाण्यात एका सेकंदास सुमारे २५ मायक्रॉन अंतर काटतो. मिक्सोकॉकसची गती मिनिटाला २ ते ४ मायक्रॉन इतकीच असते. म्हणजे पोहणारा जीवाणू एका सेकंदात जेवढा जातो, तेवढे जाण्यास सरकणाऱ्यास सुमारे आठ मिनिटे लागतात. दिवसभर एका दिशेने न थांबता सरकला तरी तो चार मिलिमीटरच्या फारसा पुढे जाणार नाही.

तथापि ही तुलना पाण्यापुरतीच खरी आहे. पाऊस ओसरल्यावर मातीच्या कणांवर पाण्याचा अगदी पातळ पापुद्रा तेवढा उरतो. तेथे पोहणाऱ्याचे काही चालत नाही. शिवाय मातीतील बहुतेक अन्न पृष्ठभागाला चिकटलेले असते. अशा जागी पृष्ठास धरून पुढे जाणारा जीव, हळू का होईना, अन्नापर्यंत पोहोचतो. सरकणे ही कला त्या जगाला अनुरूप अशीच आहे.

सरकण्याच्या दोन रीती

ही कला नेमकी कशी साधते याचा उलगडा होण्यास बराच काळ लागला. १९७९ मध्ये जोनाथन हॉजकिन व डेल कायझर या शास्त्रज्ञांनी सरकण्याची शक्ती बिघडलेली अनेक उत्परिवर्तित वाणे तपासली. तेव्हा असे दिसून आले की, मिक्सोकॉकसपाशी हालचालीच्या दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत. पहिली बिघडली तर पेशी एकटी सरकू शकत नाही. मात्र शेजारी दुसरी पेशी असेल तर दोघी हलतात. दुसरी बिघडली तर पेशी एकएकट्या फिरतात, पण घोळक्याने पसरण्याची त्यांची क्षमता खालावते. दोन्ही बिघडल्या तर वसाहत जागच्या जागी थिजून राहते. पहिलीला साहसी गती व दुसरीला सामाजिक गती अशी नावे पडली.

सामाजिक गतीचे साधन म्हणजे पेशीच्या पुढच्या टोकावरील अत्यंत बारीक धागे. पेशी हे धागे पुढे फेकते. ते शेजारणीच्या अंगावरील शर्करामय आवरणाला किंवा पृष्ठभागाला चिकटतात. मग पेशी धागा आत ओढून घेते आणि स्वतः पुढे खेचली जाते. नावाड्याने गळाचा दोर दूर टाकून अडकवावा व तो ओढीत नाव पुढे न्यावी, तसाच हा प्रकार. धागा थोड्याच मायक्रॉन अंतरापर्यंत पोहोचतो. म्हणून शेजारीण जवळ असणे ही या गतीची पूर्वअट ठरते.

साहसी गतीचे रहस्य त्याहून अवघड होते. २००७ मध्ये ताम मिन्यो, जोशुआ शेविट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशीतील एका प्रथिनाला प्रकाशमान करून त्याचा मागोवा घेतला. त्यांना दिसले की, पेशी पुढे सरकत असता या प्रथिनांचे पुंजके पृष्ठभागाच्या संदर्भात जागीच स्थिर राहतात. पेशीच्या पुढच्या टोकाशी पुंजका तयार होतो, पृष्ठाला पकड घेतो, आणि पेशीचे शरीर त्याच्यावरून पुढे निघून जाते. मागच्या टोकाशी आल्यावर पुंजका विस्कटतो. पेशीच्या पटलातून आत येणाऱ्या प्रोटॉनांचा प्रवाह या यंत्रणेला शक्ती पुरवतो. झाडावर चढणारा माणूस ज्याप्रमाणे खोडाला पकड घेऊन अंग वर सारतो, त्याप्रमाणेच हे होय.

कठीण व कोरड्या पृष्ठावर साहसी गती अधिक उपयोगी पडते, तर मऊ व ओलसर पृष्ठावर सामाजिक गती. माती कधी ओली, कधी कोरडी. तेव्हा दोन्ही साधने जवळ बाळगणे शहाणपणाचे ठरते. इतकेच नव्हे, तर कायझर व क्रॉस्बी यांनी १९८३ मध्ये असे दाखवले की, दोन्ही यंत्रणा शाबूत असलेली वसाहत ज्या वेगाने पसरते, तो वेग एकेकच यंत्रणा असलेल्या दोन वसाहतींच्या वेगांच्या बेरजेपेक्षाही अधिक असतो.

मागे फिरण्याचे मर्म

मिक्सोकॉकसच्या चालीत एक गोष्ट प्रथमदर्शनी अगदी निरर्थक वाटते. पेशी सरकता सरकता थांबते आणि आल्या वाटेने उलट जाऊ लागते. ती वळण घेत नाही. तिचे पुढचे टोक मागचे होते व मागचे पुढचे. पुढच्या टोकावरील धागे नाहीसे होऊन दुसऱ्या टोकावर नवे उगवतात. असे सरासरी आठ मिनिटांनी एकदा घडते. पुढे जाणे हेच उद्दिष्ट असेल, तर हा उलटा फेरा कशासाठी?

१९८२ मध्ये डेव्हिड झुसमन यांनी काही विचित्र वाणांचे वर्णन केले. या वाणांत मागे फिरण्याचे वेळापत्रक बिघडलेले होते. उपासमारीत या पेशी फलपिंड रचण्याऐवजी कुरळ्या बटांसारख्या गुंतागुंतीच्या रेषा तेवढ्या काढीत राहिल्या. प्रत्येक पेशी सरकू शकत होती; तरीही समूहाचे काम होत नव्हते. पुढे २००९ मध्ये वू, कायझर, जियांग व अल्बर यांनी गणिती प्रतिमान तयार करून संगणकावर पेशींच्या वसाहती पसरवून पाहिल्या. मागे न फिरणाऱ्या पेशींची वसाहत नीट पसरत नाही, आणि आठ मिनिटांच्या आसपास मागे फिरणाऱ्या पेशींची वसाहत सर्वांत चांगली पसरते, असा निष्कर्ष निघाला.

याचे कारण बंगळुरूच्या रहिवाशास समजावून सांगण्याची गरज नाही. एखाद्या चौकात चारी बाजूंनी वाहने येऊन अडकली, आणि प्रत्येक जण पुढेच जाण्याचा हट्ट धरून बसला, तर कोंडी सुटत नाही. काहींनी थोडे मागे घेतले तर जागा मोकळी होते व रांगा सरळ होतात. दाटीवाटीने असलेल्या लांबट पेशींचेही तसेच आहे. अडलेली पेशी मागे फिरते, शेजारणींच्या ओळीत येते, आणि घोळक्याला एक दिशा लाभते. एकेकीच्या दृष्टीने वाया गेलेले अंतर सर्वांच्या दृष्टीने कमाईचे ठरते.

याच प्रश्नावर शशी तुटुपल्ली यांनी अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात शेविट्झ यांच्याबरोबर काम केले. नंतर त्यांनी बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस या संस्थेत आपला संशोधन गट उभारला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये सुरू केलेल्या रेणवीय जीवशास्त्राच्या विभागातून या संस्थेचा उगम झाला आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तुटुपल्ली व सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हजारो उपाशी पेशींचा एकेक करून मागोवा घेतला. आरंभी पेशींचे थवे दूरवर वेगाने भटकत होते; ते बनत होते व मोडत होते. मग एक पालट झाला. मागे-पुढे फिरणाऱ्या पेशी अरुंद प्रवाहांत गोळा झाल्या. प्रवाहातील प्रत्येक पेशी हलतच होती, पण प्रवाह मात्र जागीच राहून वाढत होता.

२०१९ मध्ये शेविट्झ, तुटुपल्ली व सहकाऱ्यांनी यापुढचा टप्पा मांडला. वाफेचे कण एका मर्यादेनंतर एकत्र येऊन थेंब बनतात. हे पदार्थाचे अवस्थांतर होय. पेशींचे ढीग होणे हेही तशाच तऱ्हेचे अवस्थांतर आहे, असे त्यांनी प्रयोग व गणित यांच्या आधारे दाखवले. फरक इतकाच की, वाफेला बाहेरून थंड करावे लागते. जीवाणू मात्र आपली गती आणि मागे फिरण्याची वारंवारता काळाबरोबर बदलून हे अवस्थांतर स्वतःच घडवून आणतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. पुढाऱ्याची आज्ञा येथे नाही. प्रत्येक पेशी दोन साधे नियम पाळते आणि त्या नियमांच्या बेरजेतून समूहाची रचना उभी राहते.

समुदायाने केलेली शिकार

एकत्र सरकण्याचा पहिला लाभ अन्नाच्या बाबतीत होतो. मिक्सोकॉकस भक्ष्य गिळीत नाही. तो आपल्या शरीराबाहेर पाचक एंझाइमे व मारक द्रव्ये सोडतो, भक्ष्य पेशी फुटतात आणि विरघळलेले अन्न तो शोषून घेतो. एकटी पेशी असे करू लागली तर तिची एंझाइमे पाण्यात वाहून जातील. समुदायाने केले तर त्यांची तीव्रता पुरेशी राहते.

रोझेनबर्ग, केलर व ड्वॉर्किन यांनी १९७७ मध्ये हे एका साध्या प्रयोगाने दाखवले. त्यांनी मिक्सोकॉकसला दुधातील केसीन हे प्रथिन अन्न म्हणून दिले. पेशींची दाटी जितकी अधिक, तितकी त्यांची वाढ जलद झाली. विरळ पेशींना केसीनवर वाढणे जड गेले. नंतर त्यांनी आधीच पचवलेले केसीन दिले, तेव्हा दाटीचा प्रभाव नाहीसा झाला. म्हणजे एकत्र राहण्याचा फायदा पचनाच्या कामातच होता. रानातील कोळसुंदे टोळीने शिकार करतात, कारण एकट्याला मोठे जनावर पाडता येत नाही. सूक्ष्म पातळीवर हाच न्याय येथे लागू पडतो. भक्ष्याच्या वसाहतीवरून जाताना या पेशींच्या थव्यांत पुढे-मागे हलणाऱ्या लाटाही उमटतात.

उपासमार आणि फलपिंड

अन्न संपले की चित्र पालटते. उपाशी पेशी काही अमायनो अम्ले बाहेर सोडतात. परिसरातील त्यांचे प्रमाण पुरेसे वाढले, तर आजूबाजूस पुरेशा भगिनी आहेत असा त्याचा अर्थ होतो. मग पेशी ठरावीक केंद्रांकडे प्रवाह करून येऊ लागतात. सुमारे एका दिवसात ढीग दिसू लागतात आणि तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांत बीजाणू तयार होतात. एका फलपिंडात सुमारे एक लाख पेशी असतात.

बीजाणू म्हणजे जाड कवच धारण केलेली गोल, सुप्त पेशी. ती उष्णता व कोरडेपणा सहन करून दीर्घकाळ टिकते. परंतु ढिगात आलेल्या सर्वांना हे भाग्य लाभत नाही. बऱ्याच पेशी फुटून नष्ट होतात. काही दंडाकृतीच राहून ढिगाभोवती वावरतात. थोड्याच बीजाणू होतात. या बीजाणूंचा गठ्ठा एखाद्या किड्याच्या अंगाला किंवा पाण्याच्या ओघळाला लागून दुसरीकडे गेला, आणि तेथे अन्न मिळाले, तर सर्व बीजाणू एकदमच रुजतात. म्हणजे नव्या जागी जीवनाचा आरंभही एकट्याने न होता समुदायानेच होतो. शिकारीला जो समुदाय हवा, तो असा तयार स्थितीत पोहोचतो.

पाण्यात गमावले, पृष्ठावर मिळवले

समाजजीवन हे या जीवाणूंच्या अंगी कायमचे कोरलेले असते काय? ग्रेगरी व्हेलिसर, ली क्रूस व रिचर्ड लेन्स्की यांनी १९९८ मध्ये याची परीक्षा केली. मिक्सोकॉकसच्या बारा वसाहती त्यांनी सतत हलवल्या जाणाऱ्या द्रवात, भरपूर अन्न देऊन, एक हजार पिढ्यांपर्यंत वाढवल्या. तेथे सरकण्यास पृष्ठभाग नव्हता, उपासमार नव्हती, शेजारणीला धरून राहण्याचे कारण नव्हते. परिणामी बहुतेक वसाहतींची सामाजिक गती व फलपिंड रचण्याची शक्ती खालावली किंवा लोपली. जी शक्ती वापरावी लागत नाही, ती पिढ्यांच्या ओघात टिकत नाही.

याच्या उलट बाजूचा प्रयोगही झाला. व्हेलिसर व यू यांनी ज्यांचे धागे बनवणारे जनुक काढून टाकले होते अशी वाणे मऊ आगरच्या पृष्ठावर वाढवली. सामाजिक गती गेल्यामुळे ही वाणे मऊ पृष्ठावर नीट पसरू शकत नव्हती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांपैकी दोन वंशांत समूहाने पसरण्याची क्षमता पुन्हा आली. मात्र धाग्यांच्या मार्गाने नव्हे. पेशींना एकत्र बांधणारे बाह्य द्रव्य अधिक प्रमाणात तयार करून त्यांनी एक नवीनच रीत शोधली. पृष्ठभागावर जगणे भाग पडले, तेव्हा गमावलेले सहकार्य नव्या वाटेने परत आले.

फुकट्यांचा धोका

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळावयाचे. लाखो पेशींनी मिळून फलपिंड रचावे आणि थोड्यांनीच त्याचा लाभ घ्यावा, अशी व्यवस्था असेल, तर कोणी फुकटा त्यात शिरणारच. तोशीस न सोसता जो बीजाणू होण्यात पुढे राहील, त्याची संतती वाढेल. व्हेलिसर, क्रूस व लेन्स्की यांना २००० मध्ये अशी वाणे खरोखरच आढळली. ही वाणे एकटी असता फारसे बीजाणू बनवू शकत नव्हती. पण प्रामाणिक पेशींत मिसळली असता आपल्या वाट्यापेक्षा अधिक बीजाणू बनवीत. २००३ मध्ये फिएन्या व व्हेलिसर यांनी अशी मिश्रणे पिढ्यानुपिढ्या वाढवली. काही वेळा फुकटे इतके वाढले की फलपिंड रचणारे कोणी उरलेच नाही, आणि सारी वसाहत कोसळली. ज्या घराच्या आधारावर ते जगत होते, ते घरच त्यांनी पाडले.

मग निसर्गात हे समाज टिकतात कसे? येथे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील दोन संशोधनधारा उपयोगी पडतात. पहिली आहे विद्यानंद नंजुंडय्या यांची. त्यांनी तेथे अनेक वर्षे सामाजिक अमीबांचा अभ्यास केला. हे अमीबा जीवाणू नव्हेत. त्यांची पेशी अधिक गुंतागुंतीची असते व त्यांचा वंशही निराळा. तरीही उपासमारीत ते एकत्र येतात, देठ व बीजाणूंचा गोळा रचतात, आणि देठातील पेशी मरतात. २०१० मध्ये संतोष साठे, नंजुंडय्या व सहकाऱ्यांनी मुदुमलईसारख्या जंगलांतून आणलेल्या नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध केली. निसर्गातील अनेक फलपिंडांत एकाहून अधिक वंशांच्या पेशी एकत्र असतात, असे त्यांना आढळले. म्हणजे समाज एकाच कुळाचा असतो म्हणूनच तो टिकतो, हे सोपे उत्तर पुरेसे नाही.

दुसरी धारा समय पांडे यांची. त्यांनी युरोपात व्हेलिसर यांच्याबरोबर मिक्सोकॉकसवर काम केले, आणि नंतर भारतीय विज्ञान संस्थेच्या सूक्ष्मजीव व पेशी जीवशास्त्र विभागात आपली प्रयोगशाळा उभी केली. २०१८ मध्ये पांडे व व्हेलिसर यांनी मातीतून मिळवलेल्या फलपिंडांतील निरनिराळी वाणे वेगळी केली व ती पुन्हा निरनिराळ्या जोड्यांनी मिसळून पाहिली. एकाच फलपिंडातून आलेली वाणे एकत्र केली असता ती बहुधा अपेक्षेपेक्षा अधिक बीजाणू निर्माण करीत. याउलट, दूरदूरच्या फलपिंडांतील वाणे एकत्र केली असता उत्पादन घटत असे, आणि अंतर जितके अधिक तितकी घट अधिक. भिन्नता स्वतः घातक नाही. एकत्र नांदलेल्यांची भिन्नता तर समूहास बळच देते. अपरिचितांची गाठ पडली म्हणजे मात्र हानी होते.

या ठिकाणी सरकण्याच्या मंदगतीचा एक नवा अर्थ ध्यानात येतो. जो जीव दिवसात काही मिलिमीटरच जातो, त्याचे शेजारी सहसा पिढ्यानपिढ्या तेच राहतात. त्यांचे गुणदोष एकमेकांच्या सान्निध्यात घडतात. जलद वाहणाऱ्या द्रवात ही सोबत मोडते. मातीच्या कणावर ती टिकते. सावकाश चालणे हे या समाजाच्या दुर्बलतेचे लक्षण म्हणावे, तर त्याच्या स्थैर्याचेही ते एक कारण दिसते.

मातीतून औषध

या जीवाणूंचा मनुष्यास प्रत्यक्ष उपयोगही झाला आहे. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे हान्स रायखेनबाख व गेर्हार्ड हॉफ्ले यांनी श्लेष्मजीवाणू जमवून त्यांतील रासायनिक द्रव्यांचा शोध दीर्घकाळ चालवला. आफ्रिकेतील झांबेझी नदीच्या काठच्या मातीतून मिळालेल्या सोरँजियम सेल्युलोसम या जीवाणूत त्यांना एपोथिलोन हे द्रव्य सापडले. पेशीविभाजन रोखण्याचा गुण त्यात आहे. त्यापासून बनवलेल्या इक्झाबेपिलोन या औषधास स्तनांच्या कर्करोगाच्या काही रुग्णांसाठी २००७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. शिकारीसाठी व शत्रूंना दूर ठेवण्यासाठी हे जीवाणू अनेक द्रव्ये तयार करतात. मिक्सोकॉकसची जनुकीय सामग्री एश्चेरिकिया कोलायच्या जवळजवळ दुप्पट आहे. सर्वच सरकणारे जीवाणू मात्र उपकारक नव्हेत. फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअर हा सरकणारा जीवाणू गोड्या पाण्यातील माशांच्या कल्ल्यांना व कातडीला रोग जडवतो, आणि मत्स्यशेती करणाऱ्यांस त्याची धास्ती असते.

शाळेत पाहण्याजोगा प्रयोग

श्लेष्मजीवाणूंची फलपिंडे पाहण्यास मोठ्या प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. एका झाकणाच्या काचेच्या बशीत ओला गाळण कागद पसरून त्यावर बागेतील थोडी माती घालावी. सशाच्या किंवा शेळीच्या वाळलेल्या लेंड्या वाफेवर शिजवून निर्जंतुक कराव्या व त्या मातीत अर्ध्या रुताव्यात अशा ठेवाव्या. कागद ओलसर राहील इतके उकळून निववलेले पाणी अधूनमधून द्यावे. प्रथम बुरशी उगवते. तिने निराश होऊ नये. एक-दोन आठवड्यांनी लेंड्यांच्या पृष्ठावर भिंगातून पिवळे वा नारिंगी चकचकीत गोळे दिसण्याचा संभव असतो. प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा, बशी उगाच उघडू नये, आणि नंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

भिंगाखाली दिसणाऱ्या त्या एका ठिपक्यात सुमारे लाखभर पेशींचा प्रवास सामावलेला असतो. त्या मिनिटाला दोन-चार मायक्रॉन सरकल्या, दर काही मिनिटांनी मागे फिरल्या, एकमेकींच्या धाग्यांना धरून पुढे आल्या. त्यांतील बऱ्याच आता उरलेल्या नाहीत. ज्या उरल्या, त्या पुढच्या पावसाची आणि नव्या अन्नाची वाट पाहत कवचाआड निजलेल्या आहेत. आणि जागतील तेव्हा त्यांचे शेजारी त्यांच्याबरोबरच जागे होतील.